हुरहूर म्हणजे काय

नव्या कादंबरीच्या पानांचा वास आला की मला फरीदाबादमधली ती दुपार आठवते. आम्हा मराठी वाचकांची बैठक होती आणि एका ताज्या कादंबरीच्या शैलीवर मी तासभर अक्कल पाजळली होती. मग दिल्लीत वाढलेली सना तांबोळी बोलू लागली.

“काका, यातला ‘हुरहूर’ शब्द मला बिल्कुल कळला नाही. पण ते पान वाचलं आणि जेवावंसंच वाटेना. उगाच गच्चीवर जाऊन उभी राहिले. कोणी येणार नव्हतं, तरी रस्त्याकडे बघत होते.”

अर्थ सांगायचा सोडून मी ते पान काढलं आणि पुन्हा वाचू लागलो.

आजही कुणाला कादंबरी सुचवण्याआधी मी स्वतःला विचारतो, ही वाचून मी गच्चीवर गेलो होतो का?