भासऱ्यांची बाटली

वैद मेल्याची बातमी आली त्या दिवशी मी हरभऱ्याची डाळ शिजत टाकली आणि पुरण घातलं. सण नव्हता, वार नव्हता. कोणी विचारलं असतं तर सहज वाटलं म्हणाले असते. कोणी विचारलं नाही. बोलायची मला पहिल्यापासून लाज, म्हणून लिहिते. चार इयत्ता शिकले त्या या कामाला आल्या.

तो शेलूबाजारच्या आठवडी बाजारात कडुनिंबाखाली बसायचा. पुढ्यात पितळी वाट्या, मुळ्या आणि तिळाच्या तेलाची कुपी. रोग्याचं सकाळचं मूत्र बाटलीत भरून न्यायचं. तो ते वाटीत ओतायचा, काडीनं तेलाचा थेंब सोडायचा आणि थेंब कसा पसरतो ते पाहून रोग सांगायचा. थेंब फुटला की धातू गेला, म्हणजे पुरुषाची ताकद गेली. तरण्या पुरुषांचा थेंब त्याच्याकडे हटकून फुटायचा.

यांचाही फुटला. मी तेव्हा तेविशीत, हे तिशीला आलेले. लग्न होऊन काही वर्षं झाली तरी मूल नव्हतं. भासरे म्हणजे यांचे थोरले भाऊ, घरातले कर्ते. त्यांना मुतखड्याचा त्रास, म्हणून त्यांचं वैदाकडे जाणं होतं. एकदा ते यांनाही घेऊन गेले. वैदानं यांना बाजूला घेऊन विचारलं, लग्नाआधी एकटा असताना हातानं काही करत होतास का. हे खरं बोलणारे. मान हलवली. त्या दिवसापासून वैदाच्या पथ्यानं यांचं मीठ सुटलं आणि बिछाना गोठ्याजवळच्या ओसरीत गेला. बाईला शिवलास तर उरलीसुरली ताकद जाईल, असं वैदानं बजावलं होतं.

वैद काय बोलला ते मला ठाऊक नव्हतं. नवरा पथ्य पाळतो आणि मला टाळतो, एवढंच दिसत होतं. घरात हळदीकुंकू असलं की जाऊ बायकांच्या ओट्या भरत यायची आणि मला वगळून पुढे जायची. एकदा म्हणाली, "हिच्या ओटीत टाकून काय उपेग वं? फाटकी हाय ते." बायका हसल्या. तिचं घर पोरांनी भरलेलं होतं. त्यातला धाकटा आम्हाला दत्तक द्यायचा, म्हणजे शेत एका हातात राहील, असं भासऱ्यांनी ठरवलं. अक्षय्य तृतीयेला कागद व्हायचा होता. मला कोणी विचारलं नाही, आणि मी सांगू शकत नव्हते. भावजयीनं भासऱ्यांशी बोलायचं नसतं. त्यांच्या पावलांचा आवाज आला की पदर नाकापर्यंत ओढून भिंतीकडे तोंड करायचं.

तुरी सोंगायच्या दिवसांत दुपारची भाकर घेऊन शेतात गेले. हे एकटेच होते. विचारलं, "माह्यात काय खोट हाय? एकडाव सांगा तरी."

हे बांधावर बसले आणि रडायला लागले. "खोट तुह्यात नाई. म्याच माह्या हातानं माह्यं वाटोळं केलं."

मग सगळं सांगितलं. मला आधी दया आली आणि तिच्यामागून राग आला. दया त्याच दिवशी सरली.

माहेरी गेले तेव्हा भावाला म्हटलं, मला अकोल्याला ने. तिथं बायकांची डॉक्टरीण होती. तिनं तपासलं आणि तुझ्यात दोष नाही म्हणाली. मग मी पदर दातात धरून यांचं विचारलं. ती हसली नाही. हात धुता धुता म्हणाली, "बहुतेक पुरुष करतात, बाई. त्यानं ताकद जात नाही. धातू अंगात नवा तयार होतच असतो. पण नवराबायको वेगळे झोपले तर मूल कुठून होणार?"

मी दारापर्यंत गेले आणि परत आले. अगदी हळू विचारलं, बाईमाणसानं केलं तर.

"तेही तसंच. त्यानं कूस बिघडत नाही."

यापुढे मी इथंही लिहिणार नाही. बिछाना ओसरीत गेल्यावर मी देवीपुढे नाक घासून कशाची क्षमा मागत होते, ते माझं मला ठाऊक. ती मागितलेली क्षमा मला परत हवी होती. ज्यानं मागायला लावली त्याच्याकडून हवी होती.

यांना सांगितलं तर म्हणाले, "ते बाई हाय. तिले मानसाचं काय समजते?"

मी वाद घातला नाही. दर बाजाराला घरातून दोन बाटल्या जात. यांना लाज वाटे, म्हणून दोन्ही भासरेच नेत. यांच्या बाटलीला लाल दोरा, भासऱ्यांच्या बाटलीला काळा; त्यावरूनच वैद कोणाची ते ओळखायचा. बाटल्या धुणं, दोरे बांधणं माझ्याकडे. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या बाजाराला मी दोऱ्यांची अदलाबदल केली. यांना म्हटलं, "आज तुमीबी जा. काठ फुटलेली बाटली तुमच्या दादाची, ते ध्यानात ठेवा. मंग वैद काय म्हन्ते ते आपल्या कानानं ऐका."

पुढचं मला यांनी सांगितलं, नंतर साऱ्या गावानं. वैदानं लाल दोऱ्याची बाटली ओतली, थेंब सोडला आणि तो चुकचुकला. "पार पोकळ झाला हा मानूस. हातानं समदं सांडून बसला. याले लेकरू होत नसते."

भासरे आजूबाजूला पाहून म्हणाले, "म्हून तं दत्तक देऊन राह्यलो ना जी."

हे थोरल्या भावापुढे कधी तोंड उघडत नसत. त्या दिवशी बोलले. "दादा, काठ पाहा. ते बाटली तुमची व्हय."

भासऱ्यांनी काठावरून बोट फिरवलं. वैद म्हणाला, "बाटली कोनाचीबी असो. थेंब खोटा नसते."

शेजारी पानं विकणारा बसला होता. त्यानं विचारलं, "मंग यायच्या घरी पोरं कोनाचे हायेत गा?"

बाजार हसला. संध्याकाळपर्यंत ते हसणं माझ्या जावेच्या कानावर आलं. असं होईल हे माझ्या मनात आलं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. कितीतरी दिवस ती विहिरीवर गेली नाही. तिच्या वाटचं पाणीही मीच आणलं, आणि बायका तिच्याबद्दल काय बोलतात ते ऐकत सावकाश घागर भरली.

भासरे जाऊन वैदाच्या वाट्या फोडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फोडल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मीठ सोडलं. त्यांचंही काही जुनं असणार, आणि पोरं डोळ्यांपुढे खेळत असताना त्यांनी त्या थेंबावर विश्वास ठेवला. चूल माझ्याकडे होती. मी त्यांची भाकर अळणी थापली, वरण अळणी केलं. ते सुकत गेले. डॉक्टरीणबाईचे शब्द सांगितले असते तर एका दिवसात जेवायला लागले असते. पण भावजयीनं भासऱ्यांशी बोलायचं नसतं. ती रीत मी कधी नव्हे इतकी नीट पाळली.

दत्तकाचा कागद झाला नाही. यांनी वैदाला आपल्या कानानं ऐकलं होतं, म्हणून यांचा बिछाना आत आला. दिवाळीनंतर मला दिवस राहिले. तेव्हा हे म्हणाले, "दादाले सांगतो आता. बस झालं."

"सांगा," मी म्हटलं.

यांनी ओसरीत बसून सांगितलं. मी भिंतीआड होते. मग भासऱ्यांनी विचारलं, "समद्याइचंच असते का बे असं?"

"समद्याइचंच."

"अन् तुले कवापासून ठावं होतं?"

भासरे रडले, बांधावर हे रडले होते तसेच.

हे आत आले. मी सुपात तुरी घेऊन बसले होते. "आता तरी तुहा राग गेला का?"

"नाई. वैद अजून बसते म्हन्तात, इथं नाई तं कारंज्याच्या बाजारात. अन् माह्ये गेलेले वरसं मले कोन देनार हाय?"

हे शेजारी बसले आणि सुपातले खडे वेचू लागले.