बाजेची विद्या आणि कन्हानची करवत

मला आजवर कोणीही फसवलेलं नाही. कळमन्याच्या बाजारात मी भाव करायला उभा राहिलो की समोरचा आधी घाम पुसायचा. तरी आमचे साडू वसंतराव प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगतात की मी कन्हानला फसलो. म्हणून खरं काय ते सांगतो.

कन्हानला लाकडाचा एक जुना कारखाना बंद होत होता. तिथे ती इंग्रजांच्या काळातली करवत दिसली. अशी करवत नागपुरात कोणाकडे नव्हती (आजही नाही). दोन उभे खांब आणि मधे आडवी दांडी अशी सागवानी चौकट, खाली बोटभर रुंद पातं, वर अंबाडीची दुहेरी दोरी आणि दोरीत अडकवलेली खुंटी. खुंटी फिरवली की दोरीला पीळ बसतो, चौकटीची वरची टोकं जवळ येतात, खालची फाकतात आणि पातं ताणलं जातं. मालक किंमत सोडेना. मी निघून गेलो. शेवटी त्यानेच मला फाटकावरून हाक मारली. याला फसणं म्हणतात?

घरी वसंतराव बसलेलेच होते.

"साडभाऊ, हे कोनतं वाद्य आनलं गा? भजनी मंडळात चाल्ले काय?"

"करवत हाय. इंग्रजाची."

"मंग इंग्रज काहून सोडून गेला?"

माझं डोकं फिरलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायकोचा निकाल आला, "उद्या कापून दाखवा. नाई कापलं तं चौकट बंबात घालीन."

सकाळी अंगणात बाभळीचं लाकूड मांडलं. वसंतराव मुद्दाम चहाला हजर. मी खुंटी फिरवली, पण पातं थोडं लचकतच होतं. आता, आमच्याकडे दोरीने विणलेली बाज सैल झाली की दोरीवर पाणी मारतात. मी करवतीच्या दोरीवर लोटाभर पाणी ओतलं.

"आवो, काय करून राहिले?" बायको म्हणाली. "पानी बाजेले मारतेत."

"दोरी बाजेची काय अन् करवतीची काय! पानी पेली का आखडतेच."

तत्त्व बरोबर होतं. चहा होईपर्यंत दोरी अशी आखडली की पात्याला टिचकी मारताच टण्ण आवाज आला.

"आइकलं?" मी विचारलं.

"आइकलं. आता कापा," बायको म्हणाली.

तेव्हाच कापलं असतं तर बरं झालं असतं. पण वसंतरावांचा चेहरा बघून मी खुंटीला आणखी एक पीळ दिला. बाजेवर माणसं बसतात, म्हणून ती पुन्हा सैल होते. करवतीवर कोणी बसत नाही, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

चौकटीचा एक खांब कडकन मोडला. त्याचा तुकडा वसंतरावांच्या बशीत पडला. मोकळी झालेली खुंटी पंख्यासारखी गरगरली आणि थेट माझ्या नाकावर बसली.

वसंतरावांनी बशीतला तुकडा बाजूला ठेवला. "साडभाऊ, कापलं काय?"

बायको शब्दाची पक्की. तिने चौकट बंबात घातली आणि त्याच पाण्याने माझं नाक शेकलं. पाणी मात्र झकास तापलं. सागवान अस्सल होतं, हे साडू पंगतीत कधीच सांगत नाहीत.

पुढे सुताराकडून नवी चौकट करून घेतली आणि त्याच बाभळीचे तुकडे पाडले. नेमके त्या दिवशी वसंतराव आले नाहीत. ते पातं आजही सुतासारखं सरळ आहे. त्या खरेदीत वाकडं काही झालंच असेल, तर ते माझं नाक.