एका वेळी एकच गोळी

मला एका जागी बसता येत नाही. मस्कतच्या अल हैल भागातल्या त्या फ्लॅटमध्ये तर माझे पाय घरभर नुसते फिरत असायचे. समुद्र चालत जाण्याइतका जवळ, पण आमच्या बाल्कनीतून दिसायची ती समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी. नवरा सकाळी गाला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत गॅरेजवर जायचा, मुलगी शाळेत, आणि मी धुतलेलीच भांडी परत विसळत उभी.

कोल्हापुरात कॉलेजला असताना मी रायफल शूटिंग करायचे. चांगली करायचे, उगाच कशाला लाजू? राज्य पातळीपर्यंत गेले होते. पुढची निवड चाचणी तोंडावर आली आणि लग्न ठरलं. सासरच्यांनी नको म्हटलं नव्हतं, माहेरच्यांनीही नाही. कोणी काही बोललंच नाही. लग्न, मस्कत, मुलगी, असं एकामागून एक होत गेलं आणि रायफल मागे राहिली ती राहिलीच. पण घरात कशावरूनही वाजलं, अगदी भाजीत मीठ जास्त पडलं यावरून जरी, तरी माझी गाडी शेवटी तिथेच यायची. तुमच्यामुळे माझं शूटिंग सुटलं. नवरा यावर गप्प बसायचा. तो गप्प बसला की मला जास्तच चेव चढायचा.

एकदा जेवताना तो सहज बोलून गेला की गॅरेजच्या मालकाकडे, म्हणजे त्यांच्या अर्बाबकडे, जुन्या रायफलींचा साठा आहे. माझा घास हातातच राहिला. कसल्या रायफली, तर नेमबाजीच्या, एका वेळी एकच गोळी घेणाऱ्या. ओमानमध्ये जुनी बंदूक ही काही नवलाची गोष्ट नाही, लग्नाकार्यात म्हातारी माणसं खांद्यावर मिरवतात. पण त्या मिरवायच्या. या कागदावर नेम धरायच्या होत्या, इंग्लंडात घडवलेल्या, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीच्या. मी नवऱ्याचं डोकं इतकं खाल्लं, की शेवटी त्याने जीव मुठीत धरून अर्बाबला विचारलं: माझ्या बायकोला त्या बघायच्या आहेत, चालेल का?

अर्बाब म्हातारा होता, सडपातळ, आणि जुन्या मस्कतच्या व्यापाऱ्यांसारखं हिंदी बोलायचा. घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून, तिथे आम्ही दोघं गेलो. मला वाटलं होतं बाईमाणूस म्हणून बाहेरच्या बाहेर कटवेल. त्याच्या बायकोने आधी कहवा आणि खजूर पुढे केले, मग त्याने खिशातून किल्ली काढून लोखंडी जाळीची खोली उघडली. परवाने त्याच्या नावाचे, किल्लीही त्याच्याकडेच, आम्ही एकही रायफल त्या घराच्या बाहेर न्यायची नाही, हे त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं. मी हो हो करत होते, पण माझं लक्ष कोपऱ्यातल्या एकीवर गेलं होतं.

तिची अवस्था बघवत नव्हती. लाकडी दस्ता जुनं तेल पिऊन काळा ठिक्कर पडलेला, त्यावर खोक पडल्यासारखे दोन खड्डे, नळीवर गंजाचे डाग. मी ती उचलून खांद्याला लावली आणि माझा गाल आपोआप दस्त्यावर जाऊन टेकला. इतक्या वर्षांत कुठल्याच गोष्टीत मी अशी बरोबर बसले नव्हते. अर्बाब म्हणाला, ही त्याच्या वडिलांना एका इंग्रज साहेबाने दिली होती, तिच्यावरूनच त्याला बाकीच्या जमवायचा नाद लागला. ही मात्र कित्येक वर्षं बंद पडून आहे. मी म्हटलं, मी नीट करते. आणि त्याच दमात म्हणून टाकलं, की झाली की मला तिच्यातून एकदा गोळी झाडायची आहे.

तो हसून म्हणाला, "इन्शाल्ला."

देवाची मर्जी असली तर, बघू, विसरा, गल्फमध्ये राहणाऱ्याला या शब्दाचे सगळे अर्थ माहीत असतात. दारातून बाहेर पडेपर्यंत मी नवऱ्याला तीनदा विचारलं, हे हो आहे की नाही आहे? तो म्हणाला, अगं, इन्शाल्ला म्हणजे इन्शाल्ला. माझी झोप उडाली ती तिथून. मला स्पर्धा नको होती, कप नको होता. अजून जमतं का, एवढंच बघायचं होतं. कारण जमलं, तर इतकी वर्षं मी जो राग सांभाळला तो खरा ठरणार होता. म्हणजे माझ्यात खरंच काहीतरी होतं आणि ते वाया गेलं.

मग मी रोज दुपारी त्या घरी जायला लागले. अर्बाब समोर खुर्चीत बसून राहायचा, किल्ली हातात. दस्त्यातलं जुनं तेल काढायला मी खडूची पूड पाण्यात कालवून लेप लावायचे, वाळला की झाडायचे, परत लावायचे. दर वेळी पूड पिवळट काळी होऊन निघायची. लाकडातले खड्डे भरायचे नसतात, वर आणायचे असतात. ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली की वाफेने दबलेलं लाकूड फुगून वर येतं. मी घरून माझी इस्त्री घेऊन गेले तेव्हा अर्बाबची बायको तोंडावर ओढणी धरून हसली, की हिला आता ह्यांचा पायघोळ डिशडाशा देऊ का इस्त्रीला. पण खड्डा डोळ्यांदेखत वर आला तशी तीही वाकून बघायला लागली. वरून जवसाच्या तेलाचे हात, तेही तळव्याने चोळून चोळून. एक हात सुकेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. आणि मला वाट बघता येत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. मी बोट लावून बघायचे, ठसा उमटायचा, परत पुसा. अर्बाब मान हलवायचा.

नवऱ्याचं म्हणणं होतं, नळी एकदा बफिंगवर धरू, आरशासारखी करून देतो. गाडीचं बंपर आहे का ते, म्हणून मी त्याच्यावर खेकसले. जुन्या नळीचा रंग ही तिची कातडी असते, ती सोलायची नाही. गंज तेवढा तेलात भिजवून, बारीक तारेच्या बोळ्याने, हळूहळू काढायचा. तो म्हणाला, बरं बाई. त्याच्या वाट्याला काम आलं ते निराळं. या रायफलीची खालची लिव्हर ओढली की आतला ठोकळा झुकतो आणि गोळी ठेवायची खाच उघडी पडते. लिव्हर वर केली की बंद. एक पिन काढली की हा आतला संच अख्खाच्या अख्खा हातात येतो. त्यातली स्प्रिंग मेलेली होती. अर्बाबने फक्त तो संच गॅरेजवर न्यायला परवानगी दिली, आणि लेथवर हात बसलेला माझा नवरा स्प्रिंगच्या मागे लागला. दोन स्प्रिंगा तुटल्या, तिसरी जमली.

तेवढ्यात अर्बाबने सांगितलं की या शुक्रवारी सहम गावी त्याच्या दोस्ताच्या शेतावर सगळे जुने नेमबाज जमणार आहेत, रीतसर परवानगी काढून. वडिलांची रायफल तो तिथे नेणार होता. आम्हालाही या म्हणाला. माझ्या गोळीबद्दल अवाक्षर नाही. मी विचारलं, तर परत तेच, इन्शाल्ला.

आणि नेमकी त्या आठवड्यात खंडेनवमी. गालाच्या गॅरेजमध्ये आपली माणसं दरवर्षी मागच्या खोलीत गुपचूप हत्यारांची पूजा करायची. पाने, ड्रिल, टॉर्क रेंच, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू, अक्षता, बरका गावच्या बाजारातून आणलेली झेंडूची फुलं. माझ्या नवऱ्याने त्या सगळ्याच्या मधोमध अर्बाबचा संच ठेवला. मला कळल्यावर मी फोनवरच म्हटलं, ठीक आहे, संध्याकाळी घेऊन या, मला बसवून बघायचा आहे. तर हा म्हणतो, पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याआधी उचलत नाहीत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी देवाला हात जोडायची आठवण मी करून द्यायची, आणि आज याला शास्त्र आठवलं. मी भांडले, विनवण्या केल्या, मुलीने वैतागून कानात इअरफोन घातले. पण तो हलला नाही. एवढ्याच बाबतीत तो असा का अडून बसला ते मला कळेना. तो दिवस मी फरशी पुसून काढला. सगळ्या घराची.

दसऱ्याला संध्याकाळी तो संच घेऊन आला, स्वच्छ पुसलेला. तसेच आम्ही अर्बाबकडे गेलो. मी तो बसवला, लिव्हर ओढली, बंद केली, रिकामा चाप दाबून बघितला. टक्. सगळं जागच्या जागी. अर्बाबला मगरिबच्या नमाजाला जायचं होतं. त्याने रायफल पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, आम्ही बातिना किनाऱ्याच्या रस्त्याने सहमला गेलो. खजुराच्या बागेमागे मातीचा उंच बांध घातला होता, त्यापुढे लाकडी चौकटीत कागद. दहा-बारा म्हातारे, डिशडाशा खोचून, चटयांवर. बाई मी एकटीच. अर्बाबने पेटी उघडली आणि रायफल वर काढली तशी सगळे चटयांवरून पुढे सरकले. दस्ता मधासारखा दिसत होता. मला रडू येईल की काय असं वाटलं, पण मी आपली दुपट्ट्याचं टोक पिळत उभी.

अर्बाब चटईवर आडवा झाला. गोळी ठेवली, लिव्हर वर केली. लिव्हर अर्ध्यात अडली. परत ओढली, परत अडली. जोर लावायला गेला तशी मी ओरडलेच, थांबा. सगळ्यांनी वळून बघितलं. अर्बाबचा चेहरा पडला होता. दोस्तांसमोर वडिलांची रायफल, आणि ती अडलेली. त्याने माझ्या नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक.

मी कोणाला न विचारता पुढे झाले. आधी गोळी काढून बाजूला ठेवली, मग चटईवर मांडी घालून पिन काढली आणि संच ओढून तळहातावर घेतला. ठोकळ्याच्या पोकळीत, स्प्रिंगच्या बुडाशी काहीतरी लाल दिसलं. हेअरपिनने काढलं. तांदळाचा दाणा. कुंकवात भिजलेला. अक्षता. आदल्या दिवशी तो पोकळीत गुमान पडून होता, रस्त्याने हादरे बसून नेमका खाली सरकला होता.

मी नवऱ्याकडे बघितलं. आता सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढायची, असंच माझ्या मनात होतं. तो जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "पूजेत मी या संचावर तुझ्या नावाने वेगळी अक्षता टाकली होती. तुला ती गोळी मिळू दे म्हणून. तेव्हा फोनवर, गॅरेजातल्या सगळ्यांच्या देखत कसं सांगणार होतो?"

हा माणूस, जो माझ्या एका टोमण्याला कधी उत्तर देत नाही. अर्बाबने विचारलं, काय होतं? नवऱ्यानेच मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं, आमचा सण होता, पूजेचा तांदूळ आहे, माफ करा. अर्बाब खोकला येईपर्यंत हसला. त्याने दोस्तांना अरबीत काहीतरी सांगितलं, तेही हसले. मग चटईवरून उठून बाजूला झाला आणि मला म्हणाला, आता ही नीट चालते की नाही ते मी का बघू? तू बिघाड काढलास, तूच बघ.

मी आडवी झाले. कोपर टेकलं, गाल लावला, गोळी ठेवली, लिव्हर मऊ बंद झाली. आणि माझ्या लक्षात आलं, की माझं काहीच थांबत नाहीये. छाती, श्वास, बोटं, सगळं धावत होतं. या खेळात हातापेक्षा थांबणं लागतं. ते मला एके काळी यायचं, न शिकवता यायचं. रायफलीवरच्या नेम धरायच्या बारीक भोकातून कागदावरचं काळं वर्तुळ दिसायचं, निसटायचं, परत दिसायचं. थोडं थांब, मी स्वतःला बजावलं. नाही थांबले. बोटाने हिसका दिला, आणि तो दिला त्याच क्षणी मला कळलं, गेली. नेमबाजाला कागद बघावा लागत नाही.

तरी बघितला. कागद कोरा होता. कडेलासुद्धा लागली नव्हती.

मागे कोणीतरी भले शाब्बास अशा अर्थाचं काही म्हणालं, बाईमाणसाला म्हणतात तसं. नवरा माझ्या मागेच, नेमबाजांसाठी बांधलेल्या दोरीशी, अर्बाबचा गोळ्यांचा डबा हातात धरून उभा होता. त्याला वाटत असणार, आता ही रडेल किंवा माझ्यावर खापर फोडेल. आणि खरं सांगते, माझ्याकडे फोडायला खापरच उरलं नव्हतं. लग्न नाही, मस्कत नाही, तांदूळही नाही. चाप माझ्या बोटाने ओढला होता. आता कोणाला दोष द्यावा हे मला सुचेना, आणि त्यामुळे मला भयंकर उघडं पडल्यासारखं वाटलं.

अर्बाब वाकून म्हणाला, "खलास, बेटी?"

मी उठले नाही. लिव्हर ओढली, रिकामं काडतूस उडून चटईवर पडलं, आणि मान न वळवता मी हात मागे केला.

"अहो," मी नवऱ्याला म्हटलं, "अजून एक द्या."