वाकड्या बाभळीचे रान

जळत्या पाचटाचा वास गोडसर असतो, हे बारामतीत राहायला येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. ऊस तुटून गेला की रानात मागे उरतात ती वाळकी, धारदार पाती शेतकरी पेटवून देतात, आणि त्या धुरात गुळाच्या काहिलीच्या काठाला धरलेल्या करपणीचा भास असतो. मातीचे नुकसान करणाऱ्या गोष्टीला इतका घरगुती वास असावा, याचे मला पहिल्या हिवाळ्यात नवल वाटत राहिले.

कॉलेजात कविता शिकवून निवृत्त झाले, त्यानंतर एका लहानशा संस्थेने विचारले, गावोगावच्या स्वयंसेवकांना मोबाईलवरून शेतीची माहिती नीट पोहोचवायला शिकवाल का? पाचट जाळू नका, कुजवा. पाणी जपून द्या. माती तपासून घ्या, अशी ती माहिती. ती सांगायला शेतीतले जाणकार होते. माझ्याकडे फक्त शब्द होते. रविवारी सकाळी एका सभागृहात आम्ही जमायचो. कऱ्हाटीहून, कळसहून, सणसरहून बायका येत, थोडे पुरुषही येत. कुणी भाजी बाजारात पोहोचवून थेट येई, आणि मग ओल्या कोथिंबिरीचा वास दुपारपर्यंत खोलीत रेंगाळे.

मी एकच नियम घालून दिला होता. दुसरीकडून आलेले चित्र पुढे ढकलायचे नाही. आपल्या डोळ्यांनी पाहिले असेल तेच दाखवायचे.

"म्हंजी बाई, सकाळची गुलाबाची फुलं बंद?" कऱ्हाटीच्या एकीने विचारले.

"तुमच्या परड्यातली असतील तर पाठवा."

"आमच्या परड्यात निस्ता घेवडा हाय."

"मग घेवडा पाठवा."

खोलीभर हशा पिकला. हसली नाही ती सणसरची, तिशीतली, घरी ऊस असलेली. ती माझा नियम वहीत उतरवून घेत होती. तिचा आवाज थंड पाण्यासारखा होता, आणि तो ऐकून मला मनोमन वाटे, हिला पुढे न्यायचे. नवऱ्याला पटवून तिने हे रविवार मिळवले होते. सासरे वारल्यापासून घरातले वडीलधारे म्हणजे तिचे चुलत सासरे, शेजारीच राहणारे आबा. रोज सकाळी ते हिच्या ओट्यावर येऊन चहा पीत, आणि तो चहा झाल्याशिवाय घरातला दिवस सुरू होत नसे.

एका रविवारी तिने पेटलेल्या रानाची छोटी चित्रफीत आणली. तिच्याच गावची, तिनेच काढलेली. माणूस दिसत नव्हता, नाव नव्हते. चित्रफितीवरच्या तिच्या साध्या बोलण्याला मी शेवटी एक वाक्य जोडून दिले: "ही पाने जळत नाहीत, मातीची भाकरी जळते आहे."

"बाई, जरा लईच होतंय का?" तिने विचारले.

"नाही. शोभते आहे," मी म्हणाले.

संध्याकाळी चित्रफीत गावाच्या गटावर गेली, आणि पहिलाच निरोप आला: "हे आबाचं रान हाय. बांधावर वाकडी बाभळ बघा." मागोमाग दुसरा: "आबा, शिनिमात घेतलं की तुमाला!" मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. शहरात माणूस चेहऱ्यावरून ओळखतात. इथे तो बांधावरून ओळखतात, हे एवढी वर्षे इथे राहून माझ्या ध्यानात आले नव्हते. तिला ते ठाऊक होते. पण नाव नाही म्हणजे झाले, अशी ग्वाही मीच तिला दिली होती. थोड्या वेळाने गटावर एक ओळ उमटली. आबांनी गट सोडला होता.

दुसऱ्या सकाळी तिचा फोन आला. "बाई, आबा आले न्हाईत. कप तसाच ऱ्हायला." मग ती म्हणाली, "हे म्हणत्यात, आबा घरात यायचं बंद झालं तर तुझं बारामतीला जायचंबी बंद."

"ती चित्रफीत काढून टाक."

"काढून काय हुतंय? गावानं बघितलंय."

मी पुढची बस धरली. आबा त्याच रानात होते. राख पायाखाली मऊ लागत होती, आणि तो गोड वास आता माझ्या घशाशी आला होता. ती माझ्यामागे, पदर दातांत धरून.

"या. आता कशाचं शूटिंग?" आबा म्हणाले.

"माफी मागायला आले. ते वाक्य माझं होतं."

"कंचं? मातीची भाकरी जळती, ते?" त्यांच्या ते चांगलेच लक्षात होते. "बाई, तुमच्या हातनं कधी भाकरी जळली न्हाय का?"

"पुष्कळदा जळली."

"मग तवा कुणी गावाला दाखवली?"

 आधी विचारायला हवे होते ते मी आता विचारले. "आबा, पाचट का जाळता?"

त्यांनी धोतर जरा वर घेतले. नडगीवर लांब, चकाकता व्रण होता. "पाचटाखाली सरी दिसत न्हाय. पाणी धराया उतरलो, पाय गेला. दोन म्हैने खाटंवर काढलं. हे कुणी इचारलं मला?"

"मला ठावं हुतं, आबा," ती खालच्या आवाजात म्हणाली. "खाटंवर तुमचं ताट मीच आणत हुते. फोन हातात आला आन् ध्यानातनंच गेलं."

कुठेतरी मोटर घरघरत होती. मग तिनेच मान वर केली. "आबा, खालच्या पट्टीतलं अजून पेटवलं न्हाय. एकाआड एक सरीत ओढू. एक सरी भरलेली, एक मोकळी. मोकळीतनं पाणी जाईल, तुमीबी चालाल."

"ओढणार कोण? ह्या बाई?"

"ओढते," मी म्हणाले.

दुपार कलेपर्यंत आम्ही दोघी ओढत होतो. पात्यांनी मनगटे कापली, घाम त्यांत झोंबला. न जळलेल्या पाचटाला वेगळाच वास होता, रिकाम्या माठात तोंड घातल्यावर येतो तसा, ओला आणि खोल. आबा बांधावरून सूचना देत होते, त्यांत निम्मे टोमणेच होते. शेवटी ते चपला काढून मोकळ्या सरीत उतरले आणि टोकापर्यंत चालत गेले. परत आले तेव्हा ती त्यांच्या पावलांचे चित्रण करीत होती.

"पायच का? तोंड काय वाईट हाय?"

तिने फोन वर केला. आबांनी टोपी सरळ केली. "जाळू नका म्हणणं सोपं हाय. म्हाताऱ्याला चालाया वाट ठेवा, मग न्हाय जाळत." एवढेच बोलले. मी त्यातल्या एकाही शब्दाला हात लावला नाही.

"टाकू का, आबा?"

"आधी मला दाखव."

त्यांनी ती दोनदा पाहिली, मान हलवली आणि घराकडे वळले. चहाविषयी काही बोलले नाहीत. तीही काही विचारू धजली नाही. रात्री माझी मनगटे चुरचुरत राहिली.

सकाळी फोन वाजला. तिकडून ती बोलेचना. स्टोव्हचा आवाज, एक कोंबडी, भांड्यावर भांडे. मग बशीतला गरम चहा ओठांनी ओढल्याचा लांब, निवांत फुरका. त्यापाठोपाठ तिचा आवाज, अगदी कुजबुजता:

"ऐकलं?"