हायपोतली चांदी

हे मी बायकोलाही सांगितलं नाही — जिच्यापासून माझी तंबाखूची चंचीसुद्धा कधी लपली नाही, तिलाही नाही. आता ती नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. का सांगतो, ते मात्र विचारू नका.

पनवेलच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ होता. स्वातंत्र्यानंतरची सात-आठ वर्षं धरा. एक पडदा, एक खुर्ची, एक लाकडी कॅमेरा. धंदा बरा होता, पण स्वभाव जन्माचा चिकट — दात कोरून पोट भरणारा. हा कोंड्याचा मांडा करतो, असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचो.

मांडा कसला, तर चांदीचा. फोटोच्या कागदावर चांदी असते, ठाऊक आहे ना? फोटो पक्का व्हावा म्हणून तो हायपोच्या पाण्यात बुडवतात, तेव्हा जास्तीची चांदी त्या पाण्यात उतरते. बाकीचे ते पाणी गटारात ओतत. मी ओततोय कसला! बरणीत साठवायचो, जस्ताचे तुकडे टाकायचो. दोन दिवसांत तळाशी काळा गाळ बसायचा. सोनारानं तो टाकणखार घालून मुशीत वितळवला की चांदीचा मणी — ज्वारीच्या दाण्याएवढा. पण फुकटचा!

फुकटचा कुठला? पाण्यात चांदी थोडी असली तर जस्ताचाही खर्च निघेना. मग मी काय केलं... तेच हायपो महिना-महिना वापरलं. चांदी दाट होऊ दिली. सरलेल्या हायपोतला फोटो टिकत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं — हो, वाचलं होतं. फोटो वाहत्या पाण्यात तासभर धुवायचा असतो. मी घमेल्यात दोनदा बुचकळून वाळत घालायचो. धुण्यातही चांदी जाते ना! गिऱ्हाइकाच्या हातात पडे तेव्हा फोटो झकास दिसे. चार वर्षांनी कोण बघायला येतंय?

ठकूबाई आली.

जासई गावची, मिठागरात राबणारी. चार वर्षांपूर्वी मिठाच्या बैलगाडीवर बसून लेकीला घेऊन आली होती. हिरा, सहा-सात वर्षांची. केसात अबोली, खुर्चीवर बसेना, आईचा पदर सोडेना. एकच फोटो काढला. त्याच पावसाळ्यात हिरा तापानं गेली. मला कुठं ठाऊक? ठकूबाईनंच सांगितलं, पदराखालून चौकट काढताना.

चौकटीत पिवळा कागद होता. खुर्चीचा पाय दिसत होता, परकराचा काठ दिसत होता. तोंड नव्हतं.

"दादा, हिची काच असंल ना तुमच्याकडं? दुसरा काढून द्या. माज्याकडं तिचं दुसरं कायच नाय."

तेव्हा फोटो आधी काचेवर उतरे आणि त्या काचेवरून हवे तितके कागद काढता येत. पण काच होती कुठं? जुन्या काचा मी सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालून खरवडल्या होत्या. वरचा थर जाळून त्याची राखही सोनाराकडे — तिच्यातही चांदी असते. हिरा त्या राखेत गेली होती. मी मेला उगाच कपाटात शोधत राहिलो. तिच्याकडे पाठ, हात रिकाम्या फळीवर. तिथंच खरं सांगायला हवं होतं, नाही का?

मागून तीच म्हणाली, "मी रोज तिच्या गालावर हात फिरवायची. त्यानं तर पुसली नाय ना ती?"

मी वळलो. म्हणालो, "हो. हात लावल्यानंच."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मिठानं चिरलेले हात. रडली नाही. उलट मलाच म्हणाली, "तुमी तरी काय करनार." चौकट पदरात गुंडाळली आणि गेली.

मला वाईट वाटलं? वाटलं हो, फार वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी बरणीत जस्त टाकलं.

दोन-तीन वर्षांनी जासईचीच एक बाई सासूचा फोटो न्यायला आली. मी फोटो पुढे केला, तर तिनं हात मागे घेतला आणि पदर पसरला. म्हटलं, अहो, घ्या की हातात.

"नको बाबा. आमच्या गावात फोटोला कोन हात लावत नाय. ठकूबाई सगल्यांना सांगते, हातानं मानूस पुसतं. तिनं सोताच्या पोरीला पुसली ना."

मी फोटो कडेला धरून, बोट लागणार नाही असा जपून तिच्या पदरात ठेवला. तोही त्याच जुन्या हायपोतला होता.