थॉर्नवेलच्या दाराची कडी

थॉर्नवेलच्या मठाच्या दाराला दोन मुठी मावतील एवढी लोखंडी कडी होती, आणि त्या दाराच्या आतल्या बाजूला ऑसबर्ट स्केफ होता. कडी कुणी बसवली हे कुणाला ठाऊक नव्हतं. ऑसबर्टला कुणी जन्म दिला हेही कुणाला ठाऊक नव्हतं. एका थंडीत तो टोपलीत घालून त्याच दाराशी ठेवलेला सापडला. मठवाल्यांनी आत घेतला, वाढवला, आणि दाराशी सापडलेलं पोर दाराच्याच कामाला लावावं, म्हणून दारवान करून टाकला. तीस-बत्तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. दार उघडायचं, दार लावायचं.

पण ते दार साधं नव्हतं. चोर असो, खुनी असो, ज्याने ती कडी धरली त्याला कुणी शिवायचं नाही. मागून धावत आलेल्यांनी दातओठ खात बाहेरच उभं राहायचं. आत आलेल्याला चाळीस दिवस आसरा. तेवढ्यात राजाची माफी आली तर घरी जायचं, नाहीतर लाकडी क्रूस हातात धरून अनवाणी बंदरापर्यंत, आणि तिथून कायमचं देशाबाहेर. ऑसबर्ट आलेल्याला आधी पाव आणि जवाची दारू द्यायचा आणि मगच विचारायचा, “हं, आता बोल. काय करून आलास?” उपाशी माणूस खोटं बोलतो, असं त्याचं मत होतं.

वॅट ड्रेक असाच आला होता. ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या आदल्या दिवशी दोन गावांत चेंडूचा खेळ व्हायचा. खेळ म्हणायचं एवढंच, चेंडूपेक्षा माणसंच जास्त लाथाडली जायची. त्यात वॅटच्या हातून समोरच्या गावचा एक जण मेला. वीस वर्षांचा वॅट तीन मैल धावत आला आणि त्याने कडी अशी धरली की ऑसबर्टने दार उघडलं तरी सोडवेना. बोटं आखडून गेली होती.

“सोड आता. आलास तू,” ऑसबर्ट म्हणाला.

“सुटत नाहीत बाबा.”

“मधल्या बोटापासून ओढतोयस म्हणून. करंगळीपासून सुरू करायचं. करंगळीला फार हट्ट नसतो.” आणि त्याने एकेक करून वॅटची पाचही बोटं सोडवली. वॅटला पुढे माफी मिळाली. लग्न झालं, मुलं झाली. दर नाताळाला तो ऑसबर्टला एक कोंबडी आणून द्यायचा.

मग राजाचं आणि रोमच्या पोपचं बिनसलं. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात, तसा आमच्या खोऱ्यातला तिसरा म्हणजे लँबर्ट फॉसेट, लोकरीचा व्यापारी. राजाने पोपचे मठ बंद केले आणि त्यांच्या जमिनी विकायला काढल्या. छतावरचं शिसं उतरवलं, घंटा वितळवल्या. साधूंना पेन्शन मिळाली. दारवान साधू नव्हता, म्हणून त्याला एक जुना डगला मिळाला. मठाच्या जमिनीवर फॉसेटच्या मेंढ्या आल्या आणि मठाचं दार कडीसकट त्याच्या गाईंच्या कोठाराला बसलं. ओकचं लाकूड, शंभर वर्षं हलायचं नाही. फॉसेटला वस्तूची पारख होती.

ऑसबर्ट त्याच्याकडे काम मागायला गेला.

“काम करणाऱ्या हातावर देव प्रसन्न असतो,” फॉसेट म्हणाला. राजाच्या नव्या धर्मातलं हे एक वाक्य त्याला फार आवडलं होतं.

“म्हणून तर आलो मालक. द्या काम.”

“मेंढ्यांना एक माणूस आणि एक कुत्रा पुरतो. दोन्ही आहेत माझ्याकडे.”

तेव्हा ऑसबर्ट स्केल्बीच्या बाजारात गेला आणि दोन दारी त्याने पाव मागितला. मठाच्या दाराशी तो स्वतः रोज वीस-पंचवीस जणांना पाव वाटायचा, आणि त्याला पुण्य म्हणत. मधल्या दोन वर्षांत परवान्याशिवाय मागणं आणि कामाशिवाय भटकणं हा गुन्हा झाला होता, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला गाडीच्या मागे बांधून रक्त येईस्तोवर फटके मारले. मग एक कागद हातात दिला: जिथे जन्मलास किंवा जिथे राहत होतास, तिथे सरळ परत जा. कारकुनाने विचारलं, “गाव?”

“थॉर्नवेलच्या मठाचं दार.”

कारकुनाने तसंच लिहिलं. कारकुनाचं काय जातं?

आता गंमत अशी, की मठ कुठल्याच गावात मोडत नव्हता. तो आपला स्वतंत्र. प्रत्येक गावाला आपापल्या म्हाताऱ्यांना भीक मागायचा परवाना देता येई, पण ऑसबर्ट कुणाचाच म्हातारा नव्हता. अलीकडचं गाव म्हणे पलीकडे जा, पलीकडचं म्हणे अलीकडे. कागदाप्रमाणे तो ‘घरी’ गेला तर तिथे मेंढ्या चरत होत्या. म्हणून तो पलीकडच्या खोऱ्यात मॉर्बेकला गेला, आणि तिथे त्याला दुसऱ्यांदा पकडलं. दुसऱ्यांदा पकडलेल्याचा उजवा कान कापत. तिसऱ्यांदा फाशी. आणि पुन्हा तोच कागद, तेच गाव.

ऑसबर्ट कायद्याचा माणूस होता. कागदात लिहिलंय तिथे जायचं, असं त्याने ठरवलं. मठ नसला तरी दार होतं ना. तो फॉसेटच्या कोठाराशी येऊन दाराला पाठ टेकून बसला.

त्या वर्षी कॉन्स्टेबलची पाळी वॅटवर आली होती. पगार नाही, पण चुकलं की शिक्षा मात्र आहे, असं ते काम. वॅट पहिल्याच दिवशी आला.

“बाबा, इथे बसू नका. पलीकडच्या खोऱ्यात जा.”

“जाऊन आलो. तिथे कान ठेवून आलो.”

“मग वरच्या डोंगरात जा. मी पाहिलं नाही म्हणेन.”

“वॅट, हा कागद बघ. वाचता येत नसलं तरी शिक्का बघ. मी घरी आहे. घरी बसलेला माणूस भटक्या कसा?”

वॅटने शिक्का बघून कागद परत दिला. तो घरी जाऊन पाव घेऊन आला. असे चार दिवस गेले. जाता-येता जुनी माणसं सवयीने ऑसबर्टच्या पुढ्यात काहीबाही ठेवू लागली. आतून गाईने दाराला धक्का दिला की ऑसबर्टही सवयीने उठून दार उघडायचा. दोन गाई ओटच्या शेतात गेल्या, आणि पाचव्या सकाळी फॉसेट वॅटला घेऊनच आला. बरोबर दोन गडी होते, साक्षीला.

“धडधाकट माणूस, कामाशिवाय बसलाय,” फॉसेट म्हणाला. “कॉन्स्टेबल, तिसरी वेळ आहे ना? कान बघा, म्हणजे कळेल.”

“कळतंय मला,” वॅट म्हणाला.

“मग धरा. नाहीतर तुमचंही नाव कळवावं लागेल.”

ऑसबर्ट उभा राहिला, वळला, आणि त्याने दोन्ही हातांनी कडी धरली. आयुष्यात पहिल्यांदा तो बाहेरच्या बाजूने ती धरत होता. त्याचा चेहरा एकदम निवांत झाला. 

“बाबा, हे कोठार आहे.”

“दार तेच आहे.”

“राजाने तो आसरा बंद केला बाबा. कडीला आता काही अर्थ नाही.”

“कडी तू धरलीस तेव्हा होता ना?”

गडी खाली बघू लागले. ऑसबर्टने कपाळ लाकडाला टेकवलं. आतून कुणी तरी पाव आणेल, मग विचारेल, आणि मग आपण खरं काय ते सांगू, अशा बेताने तो थांबला. आत गाई रवंथ करत होत्या. बराच वेळ कुणी विचारलं नाही, तेव्हा त्याने आपणच लाकडाला तोंड लावून सांगितलं, “कुणाला मारलं नाही. काही चोरलं नाही. मी इथलाच आहे.”

“उरकायचं का?” फॉसेट म्हणाला.

वॅट जवळ गेला. ऑसबर्टची बोटं आखडली होती, पांढरी पडली होती. वॅटने मधलं बोट ओढून पाहिलं, ते सुटेना.

“करंगळीपासून,” ऑसबर्ट हळूच म्हणाला.

वॅटने करंगळीपासून सुरू केलं.

उन्हाळ्यात यॉर्कला ऑसबर्टला फाशी दिली. न्यायाधीशांनी गाव विचारलं तेव्हा त्याने दारच सांगितलं, आणि कोर्टात लोक हसले म्हणतात. फॉसेटने कडी काढून घेतली आणि दाराला लाकडी खिट्टी बसवली. गाईंना तेवढी पुरते.