बारा कॅसेटींचं लंडन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या बहुतेक थापा तिला पाठ आहेत.

दादरला एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत मी इंग्रजी शिकवतो. साधं नव्हे, ब्रिटिश उच्चारांचं. दारावरच्या पाटीवर माझ्या नावाखाली 'लंडन रिटर्न' असं लिहिलंय. लंडन मी पाहिलेलं नाही. माझं लंडन म्हणजे ठाकूरद्वारच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या बारा कॅसेटी. त्यांतला साहेब तोंडात गरम बटाटेवडा घोळवत बोलल्यासारखा बोलतो. लालबागच्या आमच्या चाळीत, गॅलरीत उभा राहून मी तो साहेब पाठ केला. शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "ह्येका काय झाला गो?"

पण कबुली ही नव्हे. पाट्या काय, सगळ्यांच्याच दारांवर असतात. पाहा — मी पुन्हा पाटीमागे लपतोय.

स्नेहल नावाची विद्यार्थिनी होती. वरळीच्या बीडीडी चाळीतली. तिची मावशी उत्तर इंग्लंडात, लीड्सला नर्स. शाळेत असल्यापासून दर रविवारी मावशीचा व्हिडिओ कॉल, आणि मावशीचा नियम — बोलायचं फक्त इंग्रजीत. त्यामुळे मुलगी न अडखळता बोलायची. फक्त 'कप'ला 'कुप' म्हणायची, 'बस'ला 'बुस'. मी पहिल्याच दिवशी तिला थांबवलं.

"पण सर, मावशीकडे सगळे असंच बोलतात."

"मावशीला पेशंट भेटतात गं," मी म्हणालो. "साहेब कुठे भेटतात?"

वर्ग हसला. तीही हसली, जरा उशिरा. मग तिनं सहज विचारलं, "सर, तुम्ही लंडनला कुठे राहायचात? मावशीला सांगते."

तुम्ही काय सांगितलं असतं? मी म्हणालो, "स्टेशनजवळ."

वर्ग सुटल्यावर मोबाइलवर लीड्सच्या माणसांचं बोलणं ऐकलं. दहा मिनिटं पुरली. भाजीवाला, बसचा ड्रायव्हर, शाळेतल्या बाई — सगळे स्नेहलसारखे. माझ्या साहेबासारखा एकही नाही. म्हणजे मी चुकलो होतो. इथवर ठीक आहे; माणूस चुकतो. पण आता मला ते ठाऊक होतं.

पुढच्याच आठवड्यात एका कॉल सेंटरचा फोन आला. त्यांची गिऱ्हाइकं उत्तर इंग्लंडमधली. वर्गातल्या प्रत्येक नावापुढे शेरा लिहून पाठवा, म्हणाले. शेरा पाहूनच मुलाखतीला बोलावणार होते. त्या नोकरीसाठी स्नेहलहून योग्य माणूस अख्ख्या दादरमध्ये मिळाला नसता. मी तिच्या नावापुढे लिहिलं — उच्चार सदोष.

का? ती तिथे गेली असती तर आठवड्याभरात तिला कळलं असतं, की ती बरोबर होती आणि सर चूक. एवढंच. याहून मोठं कारण मी बरीच वर्षं शोधलं. नाही सापडलं.

तिला बोलावणं आलं नाही. "माझं काय कमी पडलं, सर?" तिनं विचारलं. "स्वर," मी म्हणालो. मग तीन महिने ती हातात आरसा धरून ओठ वळवत बसायची. मी समोर बसून मान डोलवायचो. आणि ती शिकली हो — एकेक स्वर जागच्या जागी, हुबेहूब कॅसेट.

पुढे ती पेढे घेऊन आली. परळच्या मॉलमध्ये घड्याळांच्या दुकानात लागली होती. तिथे हिंदीवर भागतं.

"मावशी हसते, सर," ती म्हणाली. "म्हणते, तू बोलायला लागलीस की कुणी बातम्या देतंय असं वाटतं. आम्ही आता मराठीतच बोलतो. पण थँक यू हं, सर."

मी पेढा घेतला. आणि तिच्या 'थँक यू'मधला एक स्वर सुधारला.